नऊ सेकंद

"आलं रे चित्र," स्पीकरमधून सरांचा आवाज आला. घड्याळात नऊ सेकंद झाले होते. पुन्हा नऊ!

खोलीत कुणीतरी खुदकन हसलं. प्रोग्रामरला मान वर करवेना.

समुद्रतळाच्या मोजणीचा डेटा तीन शहरांतल्या यंत्रांत साठवलेला. त्याचं चित्र तयार होऊन सरांच्या घरच्या पडद्यावर जायचं, आणि तळाला भेग कुठे पडतेय ते सर बसल्या जागी सांगायचे. तसं सांगणारा दुसरा माणूस नव्हता. चित्र उशिरा पोचतं, एवढीच त्यांची तक्रार.

प्रोग्रामरने सहा महिने जीव काढला होता. आधी ढोबळ चित्र, मागून बारकावे. सर पुढे कुठे वळतील ते ओळखून तो भागही आधीच धाडलेला. चित्र अर्ध्या सेकंदात पोचल्याचं सरांच्या घरचं यंत्र कळवत होतं. पण सर "आलं" म्हणतील तेव्हाच ते आलं, असं प्रमुखबाईंचं म्हणणं.

"पायी पाठवता की काय चित्र?" त्या म्हणाल्या. "सोमवारपर्यंत एका सेकंदावर आणा, नाहीतर काम दुसऱ्याला देते."

त्याचा तोल गेला. "सर, दोष तुमच्याकडेच आहे! निदान कॅमेरा तरी लावा, तिथे काय अडतंय ते दिसेल!"

सरांचा माइक बंद झाला. घरातली खुडबूड ऐकू जाऊ नये म्हणून ते तो एरवीही बंदच ठेवत. थोड्या वेळाने ते शांतपणे म्हणाले, "माझं थोबाड काय बघायचंय? चित्र बघ."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांनी हाताला धरून काम शिकवलं, त्यांच्यावर चारचौघांत ओरडलो!

सोमवारी सकाळी तो न कळवताच सरांच्या घरी गेला. माफी मागायची होती, यंत्रही तपासायचं होतं. ऑफिसात त्याची सहकारी चाचणी चालवत होती.

दार उघडंच होतं. पडद्यासमोर सरांच्या पत्नी, काकू, बसल्या होत्या. सर खिडकीकडे तोंड करून.

"लाल रेघ वर आली," काकू भराभर सांगत होत्या, "करंगळीएवढी. मधे फाटा फुटलाय. डावा जाड आहे."

सरांचं बोट टेबलावर ती रेघ गिरवत होतं. मग त्यांनी चाचपडत माइकचं बटण शोधलं.

"आलं गं चित्र," ते म्हणाले. "आणि त्याला कुणी बोलू नका. वायरच लांबची आहे."