अडकलेला आकडा

"मी बघतच हुतो की, मालक," बाळासो म्हणाला. "आकडा हललाच न्हाय."

कोपरापासून बोटांपर्यंत त्याच्या हाताला पट्टी होती. फाउंड्रीच्या ऑफिसात त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. मालक हंबीरराव खुर्चीत होते. समोर शाहूपुरीतला उन्मेष. भट्टीवर लक्ष ठेवणारा कॉम्प्युटर त्याच्याच कंपनीनं बसवलेला. कोपऱ्यात, भट्टीजवळून उचलून आणलेल्या त्या कॉम्प्युटरपुढं त्याची इंजिनिअर पवित्रा तपासणी करत होती.

परवा दुपारी भट्टी फुटली होती. भट्टीभोवतीच्या तांब्याच्या नळीतून गार पाणी खेळतं. ते तापायला लागलं की कॉम्प्युटरवरचा आकडा चढतो, आणि तो बघून बाळासोनं भट्टी बंद करायची. परवा ती बंद झाली नाही. नळी फाटली, पाणी आत गेलं आणि लोखंडाचा रस छपरापर्यंत उडाला. बाळासोचा जोडीदार राजशेखर अजून दवाखान्यात होता. त्याचा एक डोळा गेला होता.

"पाणी उकळतंय आन् आकडा गप बसलाय?" हंबीरराव म्हणाले. "झोपला हुतास म्हण की सरळ."

"मशीन खोटं बोलत नाही, साहेब," उन्मेष शांतपणे म्हणाला. "माणसाला डुलकी लागते. होतं असं."

पवित्राचे हात कीबोर्डवर थांबले.

पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा कॉम्प्युटरपर्यंत आणायचं काम ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम करायचा. दर आकड्यामागं तो थोडी मेमरी घ्यायचा आणि परत द्यायचाच नाही. कॉम्प्युटर बरेच दिवस बंद केला नाही, की मेमरी संपायची. नवा आकडा यायचा बंद व्हायचा, आणि जुनाच पडद्यावर बसून राहायचा. पवित्रानं ही खोट दिवाळीआधीच शोधली होती. नवा ड्रायव्हरही करून दिला होता. सगळ्या गिऱ्हाइकांकडं तो टाकला, असं उन्मेषनं तिला सांगितलं होतं.

इथं जुनाच होता.

"सर, नवा टाकला नाही?"

"ऑफिसात बोलू आपण."

"कुठंच टाकला नाही?"

उन्मेष हंबीररावांकडं बघून हसला. "टेक्निकल आहे, साहेब. तुमच्या कामाचं नाही."

पवित्रा उठली. "टेक्निकल काही नाही. कॉम्प्युटर अडकला होता. हे बाळासो बघत होते तो आकडा मघाचाच होता, शिळा. कितीही डोळे फाडून बघितलं असतं तरी हलला नसता. आणि आम्हाला हे माहीत होतं. औषध तयार होतं."

"पवित्रा, खाली बस."

"का नाही टाकलं?"

"दारोदार जाऊन सांगायचं, आमच्या मालात खोट आहे म्हणून?" उन्मेषचा तोल गेला. "कोण उभं करेल मग आपल्याला? अधूनमधून कॉम्प्युटर बंद करून चालू केला असता, तर काही झालं नसतं."

"आमास्नी सांगितलं हुतं का तसं?" हंबीररावांनी विचारलं.

उन्मेषनं पुढ्यातल्या चहाकडं हात नेला.

हंबीररावांनी त्याच्यापुढचा चहाचा कप उचलला आणि दारातून बाहेर भिरकावला. "ऊठ. जा हितनं."

"थांबवा त्यांना," पवित्रा म्हणाली. "हाच ड्रायव्हर आणखी कुणाकुणाकडं आहे ते विचारा. तिथं आत्ता भट्ट्या चालू असतील."

उन्मेषनं तिच्याकडं बघितलं. मग एकेक फाउंड्रीचं नाव सांगायला लागला. नावं संपेनात. हंबीररावांनी फोन जवळ ओढला आणि पहिल्या फाउंड्रीला लावला.

"भट्टी बंद कर. व्हय, आत्ताच्या आत्ता. त्या कॉम्प्युटरकडं बघू नको. आधी माणसं बाजूला घे, मग बाकीचं सांगतो."

पवित्रानं आपली खुर्ची बाळासोकडं सरकवली. "बसा."

तो बसला नाही.

"मला झोपला म्हणालासा, मालक," तो म्हणाला. "काल तर पोरांसमोर, सगळ्या शेडसमोर म्हणालासा. त्येचं काय?"

हंबीररावांनी वर न बघता पुढचा नंबर लावला.