थांबायला तयार नसलेल्या पेशी

डिश पुन्हा भरली होती. डॉ. यशोधन मायक्रोस्कोपवरून बाजूला झाले आणि त्यांनी नीलिमाला बघायला सांगितलं. नीलिमा त्यांची जुनी सहकारी, सहजासहजी कशाला भुलणारी नव्हे. तिने बराच वेळ पाहिलं आणि मग खुर्ची ओढून बसूनच घेतलं.

माणसाची पेशी ठरावीक वेळा विभागते, मग थकते आणि थांबते. म्हाताऱ्या माणसाच्या पेशी तर लवकरच थांबतात. रायपूरच्या त्या प्रयोगशाळेत दोघं हे थांबणंच तपासत होते. या डिशमधल्या पेशी पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका बाईच्या हाताच्या कातडीतून वाढवलेल्या. त्यातल्या बहुतेक थांबल्या होत्या. पण एक लहानसा पुंजका ऐकायलाच तयार नव्हता. नवी डिश दिली की तीही तो भरून टाकायचा, तान्ह्या बाळाच्या पेशींसारखा.

"कॅन्सर तर नाही ना, सर?" नीलिमाने विचारलं.

"आधी तेच तपासलं. नाही."

त्या दिवशी यशोधन जेवायचे विसरले. डबा तसाच घरी गेला.

त्या बाईचं नाव कलावतीबाई. उन्हाळ्यात पेपरात यशोधनची मुलाखत आली होती. आई, रमाबाई, वर्षभरापूर्वी गेल्या, त्यांचं म्हातारपण जवळून पाहिलं, असं त्यांनी त्यात सांगितलं होतं आणि संशोधनासाठी वृद्धांना कातडीचा छोटा तुकडा द्यायची विनंती केली होती. बाकीच्यांची मनधरणी करावी लागली. कलावतीबाई मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गुढियारीहून ई-रिक्षा करून आपणहून आल्या, नव्या साडीची घडी मोडून. त्यांची अट एकच होती. तुकडा डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे नीलिमाने, काढावा, पण साहेबांनी शेजारी बसावं.

यशोधन बसले. सुई टोचली तेव्हा कलावतीबाईंनी हाताकडे पाहिलंच नाही. त्या यशोधनकडे बघत होत्या. जेवण वेळेवर होतं का, झोप लागते का, असं काहीबाही विचारत राहिल्या. घरी कोण कोण असतं, असं यशोधननी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कोणी नाही. एकटीच राहतो मी."

डिश भरली त्याच संध्याकाळी यशोधन त्यांच्या घरी गेले. त्यांना राहवतच नव्हतं. मालधक्क्यामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर होतं. तुमच्या शरीरात म्हातारं न होणारं काहीतरी आहे, ते उलगडलं तर अख्ख्या जगाचं वैद्यक बदलेल, असं ते हातवारे करत सांगत राहिले. कलावतीबाई चुलीशी तांदळाच्या पिठाचा चीला करत ऐकत होत्या.

"म्हणजे तुमच्या कामाले आलो ना मी?"

"मावशी, तुमच्यामुळे माझ्या जन्माचं सार्थक झालं."

कलावतीबाईंनी पाठ फिरवली आणि तव्यावरचा चीला उलटला. "खाऊन घ्या," त्या म्हणाल्या. "थंडा होऊन राहिला."

शोधनिबंध लिहिण्याआधी पेशींची ओळख पटवणं भाग होतं. प्रयोगशाळांत सरमिसळ होते, नावाजलेले शोध त्यापायी बाद होतात. म्हणून पेशींबरोबर कलावतीबाईंचं रक्त डीएनए तपासणीला गेलं, आणि शंकेला जागा नको म्हणून प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सगळ्यांचंही गेलं.

निकाल नीलिमाने फोनवर घेतला. यशोधन दारातच उभे होते.

"पेशी बाईंच्या नाहीत, सर. पुरुषाच्या आहेत."

यशोधन आत येऊन स्टुलावर बसले. इतके महिने आपण दुसऱ्याच कोणाच्या तरी पेशी वाढवत होतो. तो चीला, ते हातवारे आठवून त्यांना लाज वाटली. सगळ्या डिश फेकून दे, असं त्यांनी सांगितलं. बाईंना आपणच जाऊन सांगू म्हणाले, आणि उठले.

दारापर्यंत गेले आणि थांबले. वळले तेव्हा त्यांचा चेहरा पुरता पालटला होता.

"नीलिमा, थांब. फेकू नकोस काही. पोटातल्या बाळाच्या पेशी आईच्या अंगात शिरतात, आणि जन्मभर तिथेच राहतात."

"हव, सर."

"बाळाच्या पेशी. जपून ठेवल्यासारख्या, न थकलेल्या. म्हणून तर वाढतायत." ते बोलताना खोलीभर फिरू लागले. "चूक झालेलीच नाही. बाईंना मुलगा झाला होता. कधीतरी, कुठेतरी. हे आपल्या आधीच्या शोधापेक्षा कितीतरी मोठं आहे. तो मुलगा हयात असला तर त्याच्या आजच्या पेशी शेजारी ठेवून बघता येतील. एकाच माणसाच्या, काही म्हाताऱ्या होत चाललेल्या आणि काही न झालेल्या. त्याला शोधायलाच हवं. मी आत्ता गुढियारीला जातो, बाईंनाच विचारतो."

नीलिमाने उठून त्यांच्यासाठी खुर्ची पुढे केली.

"शोधायचं काही नाही, सर," ती म्हणाली. "आपण सगळ्यांचं रक्त पाठवलं होतं ना. त्या पेशी तुमच्याशी जुळल्या. आणि बाईंचं रक्तही."