आपण म्हणजे कोण

"परत वाच," आई म्हणाली. "या खेपेला तोंडातल्या तोंडात नको."

माइवेनने कागद उचलला. तत्त्वज्ञानाचा पेपर बुधवारी होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला ती तिच्या पुस्तकांसह बसली होती. दुसऱ्या टोकाला स्वाझिग, तिची आई, बांगडे साफ करत होती. दुआर्नने बंदराच्या मासळीबाजारात तिचा गाळा होता, त्यामुळे घरातही तिच्या हातातली सुरी क्वचितच सुटायची.

सराव परीक्षेतल्या निबंधाला वीसपैकी सहा गुण पडले होते. विषय होता, खरं बोलणं हे नेहमीच कर्तव्य असतं का? माइवेनने अगदी मनापासून लिहिलं होतं. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या ल गॉफ बाईंनी जिथे जिथे 'मी' दिसला तिथे तिथे लाल रेघ मारली होती आणि खाली शेरा दिला होता: हा निबंध आहे, कबुलीजबाब नव्हे. 'आपण' लिहावे.

"प्रश्न मला विचारलाय ना?" माइवेन कुरकुरली. "मग मला काय वाटतं ते नको?"

"शंभर पेपर तपासायचे असतात त्या परीक्षकाला. तुला काय वाटतं ते ऐकायला बसलाय होय तो? नियम काय आहे तो सांग."

"आधी एक बाजू मांडायची, मग उलटी बाजू. शेवटी दोघींची सोयरीक जुळवायची. आणि सगळीकडे 'आपण'."

"एवढंच? अगं, हे तर मी रोज करते. गिऱ्हाइकाला 'मला आज चांगला माल मिळाला नाही' असं सांगते का मी? 'आज समुद्र रुसलाय' म्हणते. चल, मी वाक्य देते, तू फिरव. मला भूक लागलीय."

माइवेनने क्षणभर विचार केला. "दुपारच्या सुमारास माणसाला भूक लागते, असे आढळून येते."

"मला इतिहासाचे सर आवडत नाहीत."

"इतिहास आणि तो शिकवणारी व्यक्ती यांत आपण फरक करायला हवा."

"मी आज खोली आवरणार आहे."

"खोली आवरली जाण्याची शक्यता मानवजातीने पूर्णपणे कधीच नाकारलेली नाही."

स्वाझिग इतकी हसली की हातातला बांगडा निसटून तत्त्वज्ञानाच्या पुस्तकावर पडला. माइवेनने तो शेपटीला धरून परत दिला आणि पान बाहीने पुसलं.

"झकास. बारा गुण," आई म्हणाली. मग मान वर न करता तिने पुढचा बांगडा घेतला. "आता विषयावर ये. खरं बोलण्याचं एखादं उदाहरण लागेल ना?"

उदाहरण मार्च महिन्यापासून माइवेनच्या जिभेवर होतं. कितीदा तरी तिने 'आई, मी' इथपर्यंत मजल मारली होती आणि पुढे 'जरा बाहेर जाऊन येते' असं म्हणून वाक्य संपवलं होतं.

"समजा," ती कागदाकडे बघत म्हणाली, "आपल्याला रेन शहरातल्या विद्यापीठात कायदा शिकायला जागा मिळालेली असते. आईने ते बाजारभर सांगितलेलं असतं. पण आपल्याला कायदा शिकायचा नसतो. आपण दर शनिवारी मैत्रिणीकडे अभ्यासाला म्हणून निघतो आणि जातो बंदरामागे, लाकडी होड्या बांधतात त्या कारखान्यात. तिथले मास्तर सप्टेंबरपासून उमेदवारीला ये म्हणालेले असतात. अशा वेळी खरं सांगणं हे कर्तव्य आहे का, असा प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो."

सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली.

"उलटी बाजू?" आई म्हणाली.

"उलटी बाजू अशी, की हिवाळाभर आईचे हात बर्फात असतात. ते कोणासाठी, हे आपल्याला माहीत असतं. म्हणून आपल्याला तोंड उघडवत नाही."

"हं." स्वाझिगने एक डोकं उडवून बाजूला सारलं. "आता यात भर घाल. आईला हे फार आधीपासून ठाऊक असते, असे दिसून येते. कारण शनिवारचे कपडे धुताना खिशातून लाकडाचा भुसा निघतो. आणि कायद्याच्या पुस्तकांतून भुसा निघत नाही, असे जाणकारांचे मत आहे."

माइवेनचे कान तापले. हसावं की रडावं हे तिला कळेना.

"आणि या आईला," तिने हळूच विचारलं, "राग आलेला असतो?"

"आलाय मला. चांगलाच आलाय. भुशाचा नाही. तुझ्या त्या मैत्रिणीसाठी मी दर शनिवारी लोण्याचा केक बांधून देत होते. तो कोणी खाल्ला?"

"मास्तरांनी."

"आवडला का?"

"दर वेळी कागद चाटून परत देतात."

स्वाझिगने ओठ दाबून धरले, पण खांदे हललेच. "बाजारात आता सगळ्यांना काय सांगू मी? आमची वकीलबाई रंधा मारते म्हणून?"

"आई, तू सारखी 'मी' म्हणतेयस."

"मग? तुझी ती परीक्षा बुधवारी. हे माझं स्वयंपाकघर आहे." तिने सुरी खाली ठेवली आणि फडक्याला हात पुसत खुर्ची पुढे ओढली. "सुरुवातीपासून सांग. आणि आपण-बिपण नको."

माइवेनने निबंधाचा कागद उलटा करून ठेवला.

"मी," ती म्हणाली, आणि दम घ्यायला थांबली. आईने घाई केली नाही.