शेठचा नारळ

"शेठ, या जहाजाचा पत्रा पापड झालाय. भर समुद्रात माझी माणसं बुडतील," धक्क्यावर कॅप्टन परकार मालकापुढे हात जोडत होता.

भाऊशेठ फेटा सावरत हसले. "चार मालकांनी चालवलं हे. बुडालं का कधी?"

"चौघांनी नाव बदललं आणि वर रंग फासला, शेठ. दुरुस्ती एकानंही केली नाही."

"मग मी पाचवा! बायकोचं नाव दिलंय याला. निघतोस, की जन्मभर घरी बसतोस?"

घरची खाणारी तोंडं आठवून परकारनं खलाशांना खूण केली. खलाशी जहाजावर चढले, बँड सुरू झाला. भाऊशेठ पायऱ्या उतरले आणि सिमेंटच्या गोण्यांनी ठासून भरलेल्या जहाजावर, अगदी पाण्यालगत, त्यांनी दणकन नारळ हाणला.

नारळ फुटला नाही. जहाज फुटलं.

रंगाचा पोपडा निघाला, भोकातून पाणी भसाभस आत घुसलं. खलाशांनी धक्क्यावर उड्या टाकल्या आणि बँड थांबायच्या आत वहिनींचं नाव पाण्याखाली गेलं.

परकारनं माणसं मोजली. सगळी होती. मग वाकून त्यानं तरंगणारा नारळ उचलला, बाहीला पुसला आणि भाऊशेठच्या हातात ठेवला.

"शाबूत आहे, शेठ. पुढच्या जहाजाला होईल."