मान वर करा, मेहुणे

"मान वर करा, मेहुणे," न्हावी म्हणाला. त्याच्या हातातला वस्तरा थरथरत होता.

खुर्चीतल्या मेहुण्याने हसत मान वर केली. गालभर फेस, गळ्याशी टॉवेल. मागे बाकावर न्हाव्याची बायको पर्स पोटाशी धरून बसली होती. इकडे नवरा, तिकडे पाठचा भाऊ. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

न्हाव्याला तीन वर्षांपासून कंपवात होता. पण डॉक्टरांच्या गोळ्यांवर हात ताळ्यावर राहायचा, दुकान चालायचं. मग भाऊराया आपली पूड घेऊन आले. स्वतः कुटलेली, शंभर टक्के नैसर्गिक! डॉक्टर एवढंच म्हणाले, "पूड घ्यायचीच तर आधी मला दाखवा. आणि गोळी मनाने बंद करायची नाही." भावाला ते झोंबलं.

"झाडपाल्याला कसली आलीय परवानगी? ताई, आठ दिवस गोळी थांबव आणि गंमत बघ. मी खात्री देतो ना!"

रोज येऊन तेच टुमणं. शेवटी तीही भुलली. आज सकाळी तिने नवऱ्याच्या हातावर गोळीऐवजी पूड ठेवली. तो भांडला नाही. मुकाट्याने पूड गिळली आणि म्हणाला, "आजचं पहिलं गिऱ्हाईक तुझा भाऊ."

आता अकरा वाजले होते. गोळीची वेळ टळून तीन तास झाले होते आणि हात नुसता नाचत होता. चाळीस वर्षांत या हाताने कुणाला साधा ओरखडा काढला नव्हता. नवं पातं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत घालायचं, हा त्याचा नियम. आज मात्र वस्तरा तयारच खिशातून निघाला होता. तिच्या ते तेव्हा लक्षातच आलं नाही. तिला फक्त तो हात दिसत होता.

वस्तरा कानापाशी गेला. हिसका बसून घसरला तो थेट गळ्यावर येऊन थांबला.

"दाजी, हात... जरा जास्तच हलतोय का?"

"हलू दे की. तुमची पूड आहे ना पोटात? तुम्ही तेवढे हलू नका."

मेहुण्याचं हसू मावळलं. आरशात त्याने एकदा वस्तऱ्याकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. वस्तऱ्याचं टोक फेसात टेकलं.

"ताई, बघतेस काय!" तो किंचाळला. "आधी त्यांना गोळी दे!"

खुर्ची गर्रकन फिरली. मेहुणा टॉवेलासकट दारात.

बायकोने पर्स उघडली. सकाळची गोळी तिने कागदात गुंडाळून जवळच ठेवली होती. पेला तिनेच नवऱ्याच्या ओठांना लावला.

"चुकलं हो माझं," ती म्हणाली.

"उद्या ती पूड घेऊन डॉक्टरांकडे जाऊ. मेहुणे, तुम्हीही चला."

"चला काय चला! जीवच घेतला असता की माझा!" मेहुणा अजून गळा चाचपत होता.

न्हाव्याने वस्तरा बायकोच्या हातात दिला. "हा पुसून ठेव."

तिने जपून, बोटं सांभाळत फेस पुसला. वस्तऱ्यात पातंच नव्हतं.