परत मिळालेले तीन अंश

दौलतरावांची बायको शेवंता गच्चीवर कुरडया घालताना उन्हानं गेली. त्या दुपारच्या उष्म्यातले तीन अंश वीजकंपनीच्या धुराचे होते, हे कोर्टात सिद्ध झालं. तेवढे अंश कंपनीनं परत करावेत, असा निकाल लागला.

कंपनीचं यंत्र घेऊन आलेल्या माणसानं विचारलं, "काका, गारवा कुठं सोडू? खोलीत?"

"गच्चीवर," दौलतराव म्हणाले.

तेव्हापासून गच्चीवर पाऊल ठेवलं की पाण्यात उतरल्यासारखं वाटायचं.

चैत्रात शेजारच्या पर्वताबाईंनी नेहमीसारख्या तिथंच कुरडया घातल्या. दुसऱ्या दिवशी त्या चाचपून म्हणाल्या, "भाऊजी, अजून ओल्याच. गारव्याला जागा चुकीची निवडलीत तुम्ही."

"जागा तीच आहे," दौलतराव म्हणाले. "कुरडया तुमच्या गच्चीवर उन्हात टाका, वहिनी. राखायला मात्र इथं बसा."