पेटीची धमक

शेजारी पाहुणे आले तसं लतानं फरशीवरची जड पेटी सरकवत नेली आणि भिंतीला टेकवली.

गाण्यांचा सेट निंबाचा, तिच्या मोठ्या भावाचा. तो सुरतेला कापड मार्केटात होता. दिवाळीला दोंडाईच्याला येताना घेऊन आला. दोन स्पीकर विटेएवढे, कपाटावर दोन टोकांना ठेवायचे. तिसरी ही पेटी, सबवूफर, खाली फरशीवर. त्यानं सगळ्यांना खाटेवर बसवून ऐकवलं होतं. वडलांना, म्हणजे अभिमन आबांना, आधी पटेचना. गाणारी बाई दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, घड्याळापाशी उभी आहे असं त्यांना वाटलं, आणि तिथं तर काहीच नव्हतं. बासरी एका बाजूनं यायची, घुंगरू दुसरीकडून. बाईनं मध्येच घेतलेला श्वाससुद्धा कळत होता. एवढ्याशा डब्यांतून हे निघतं कसं, म्हणून आबांनी दोनदा उठून मागची बाजू पाहिली.

लताला त्यातलं काही कळलं नाही. लहानपणी फुटलेला तिचा उजवा कान कायमचा गेला होता. तिच्यासाठी बाई मध्ये उभी राहिली नाही, सगळं डावीकडूनच आलं. पण ढोल सुरू झाला आणि तिनं दचकून पाय वर घेतले. ढोल स्पीकरांतून येत नव्हता. फरशीतून येत होता, पोटऱ्यांतून वर चढत होता, आणि त्याला कान लागत नव्हते. तेव्हापासून ती पेटीवर तळहात ठेवून गाणी ऐकायची. निंबानं जाताना बजावलं होतं, पेटी भिंतीपासून लांब ठेव. भिंतीला लागली की ढोल फुगतो, शब्द बुडतात आणि शेजारच्यांची भांडी वाजतात.

शेजारी सख्खे काका राहायचे. मधली भिंत दोघांची. गेल्या वर्षी शिरपूरचं स्थळ लताला पाहून गेलं होतं. मुलगा सूतगिरणीत नोकरीला. पसंती आली, आणि मग एकाएकी नकार. कानाचं आबा स्वतःच सांगणार होते, पुढच्या बैठकीत. त्याआधी काकूनं, प्रमिलाबाईनं, मुलाच्या आईला एसटी स्टँडवर पोचवताना वाटेतच सांगून टाकलं. लताची आई त्या दिवसापासून जावेच्या ओट्यावर चढली नव्हती. आज सकाळीच ती माहेरी निघून गेली होती, कारण आज तेच स्थळ काकूच्या कुंदाला पाहायला येणार होतं. तोच मुलगा, तीच आई, शेवंताबाई.

लतानं ढोलाची कॅसेट लावली. आबा खाटेवर पेपर वाचत होते. त्यांनी पेटी पाहिली, भिंत पाहिली, आणि पेपर तोंडासमोर धरला.

पलीकडे फळीवरचे पितळी डबे आधी किणकिणले, मग एकमेकांवर आपटू लागले. वरचा पत्रा थरथरायला लागला. शेवंताबाईंनी कुंदाला नाव विचारलं. मधल्या भिंतीला टेकून, मान खाली घालून बसलेली कुंदा म्हणाली, बारावी. भाकरी येते का, असं विचारलं, तर म्हणाली, दोन भाऊ. काकू मध्ये पडून उत्तरं द्यायला लागली आणि शेवंताबाईंना संशय आला. त्यांनी तिला हातानं थांबवलं आणि मुद्दाम हळू आवाजात आणखी एक विचारलं. कुंदानं नुसतं वर पाहिलं. घामानं तिचं कुंकू ओघळलं होतं.

"ह्या घरन्या बठ्ठ्या पोरी बहिऱ्याच शेतस का?" शेवंताबाई म्हणाल्या आणि उठल्या.

सगळ्या नाहीत, हा शेजारचा आवाज आहे, असं काकूनं सांगून पाहिलं, पदर पसरला. शेवंताबाईंचं म्हणणं, आवाज तर आम्हालाही येत होता, आम्ही ऐकलंच ना एकमेकांचं. मुलगा चप्पल घालताना एकदा मागे वळला, पण आईच्या पाठोपाठ गेला. पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या.

काकू दारात आली तेव्हा कॅसेट चालूच होती. जेठासमोर, थोरल्या दिरासमोर, ती आजवर मोठ्यानं बोलली नव्हती. आजही डोक्यावरचा पदर तिनं सोडला नाही.

"मन्ही कुंदानं काय चुकनं, आबा?"

आबांनी पेपर खाली घेतला. पाहुणे उठून जाताना पेपराआड त्यांनाही बरं वाटलं होतं, हे त्यांचं त्यांना माहीत होतं.

लता पेटीवरचा हात न काढता म्हणाली, "मन्हं काय चुकनं व्हतं, काकू?"

काकूनं पदर आणखी पुढे ओढला. मग गेली.

आबांनी उठून सेट बंद केला. धमक थांबली आणि खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. तेवढ्यात भिंतीपलीकडून रडणं ऐकू यायला लागलं. आधी तोंडात पदर कोंबल्यासारखं, मग उघड. कुंदाचं. दोघी पोरी एका ताटात जेवून मोठ्या झाल्या होत्या; आबांनी दोघींना दोन खांद्यांवर बसवून जत्रा दाखवली होती. त्यांना ते ऐकवेना. निदान एखादं हळू गाणं लावावं म्हणून ते पुन्हा सेटपाशी गेले आणि बटणाला हात घातला.

लतानं त्यांचं मनगट धरलं. ती डावा कान भिंतीकडे करून बसली होती.

"ऱ्हाऊ द्या, आबा," ती म्हणाली. "माले आयकू येस."